गळा हवा, जीभ नको?

साधारण शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. अलीगढमध्ये मुसलमानांच्या शिक्षण परिषदेची मोठी सभा भरली होती. बायकांची बसायची सोय पडद्यामागे होती. त्यांनी ऐकायचं, दिसायचं नाही, आणि बोलायचं तर नाहीच. अशा सभेत एक बाई पडद्याबाहेर आल्या, उघड्या चेहऱ्याने सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि बोलल्या. देवाच्या जमिनीवर पुरुष जसा उजळ माथ्याने हिंडतो, तसं हिंडायचा हक्क आम्हालाही आहे, हे त्यांच्या बोलण्याचं सार.

त्या बाईंचं नाव अतिया फैजी. त्या गायच्या, संगीतावर लिहायच्या, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर आपल्या मुरूडला होतं. ही बहीण म्हणजे जंजिरा संस्थानची बेगम नाझली.

मुरूडला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याकडे सुटतात. किल्ल्यावर कलालबांगडी तोफेची सगळी माहिती पाठ म्हणून दाखवली जाते. मुरूडच्या रस्त्यावरून नवाबाच्या राजवाड्याचे फोटो निघतात. पण नवाबाच्या घरात वावरलेल्या, आपल्या संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या आणि भर सभेत पडदा ओलांडणाऱ्या या बाईंचं नाव कुणी घेत नाही. किनाऱ्याने तोफ लक्षात ठेवली आणि तो बाईंना विसरला. ही निवड चुकीची आहे. ती का चुकीची, हेच आज सांगायचं आहे.

* * *

अतियांचा जन्म १८७७चा, इस्तंबूलमधला. वडील हसनअली हे सुलेमानी बोहरा व्यापारी, आई तैयबजी घराण्यातली. याच घराण्यातले बद्रुद्दीन तैयबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ साली ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा आधी नाकारला गेलेला जामीन मंजूर केला तो याच न्यायमूर्तींनी. सरकारला न आवडणारं लिहिलं म्हणून माणूस खटल्याआधीच कोठडीत सडता कामा नये, हे या घरात कळत होतं.

या गोतावळ्यात एक विलक्षण रिवाज होता. घरोघरी एक मोठी वही ठेवलेली असायची. तिला ‘अखबार’ म्हणायचे. त्यात घरातल्या कुणीही लिहावं: पुरुषांनी, बायकांनी, मुलांनी, आल्यागेल्या पाहुण्यांनी. आजचं जेवण, कालचं भांडण, प्रवासाची हकिगत, एखाद्या प्रश्नावरचं मत, काहीही. माथेरानच्या घरात अशी वही होती, आणि अलिबागजवळच्या किहीमलाही होती. पक्षितज्ज्ञ सालिम अली याच गोतातले. १९३० साली त्यांनी सुगरणीच्या विणीचा प्रसिद्ध अभ्यास केला तो किहीमलाच. बघायचं, नोंदवायचं, आणि जे दिसलं ते लिहायचं, ही सवय त्या घरांत अशी मुरलेली होती.

ज्या घरात मुलीच्या हातात लेखणी देतात आणि तिने लिहिलेलं सगळे वाचतात, त्या घरातली मुलगी पुढे सभेत उठून बोलते यात नवल नाही. भाषणस्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलमात असतं हे खरं, पण त्याची पहिली शाळा घर असते. जेवताना सुनेने मत मांडलं की ताटावरचे हात थांबतात, अशा घरातून धीट माणसं निघत नाहीत.

* * *

१९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेल्या. तिथली त्यांची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू पत्रात छापून येत होती. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर, वर्गात, मेजवानीत एक हिंदुस्थानी मुलगी काय बघते आणि त्यावर काय म्हणते, हे इथल्या पडद्यातल्या बायका घरबसल्या वाचत होत्या. १९०८ साली त्या नाझली बेगम आणि नवाब सिदी अहमद खान यांच्याबरोबर पुन्हा युरोपात गेल्या.

पण त्यांचा मोठा हट्ट वेगळाच होता: संगीत. १९१४ साली लंडनमध्ये त्यांचं भारतीय संगीतावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखिकेचं नाव ‘शाहिंदा’ असं छापलं होतं. राग, ताल, वाद्यं आणि संगीताची परंपरा त्यात मांडलेली होती. पुढच्या काळात त्यांनी हे काम नव्या नावांनी, वाढवून पुन्हा प्रसिद्ध केलं. १९१६ साली बडोद्याला पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्या परिषदेतही अतिया होत्या.

त्या काळी हे किती अवघड होतं, ते बघा. खानदानी घरातल्या बाईने गाणं शिकणं म्हणजे घराण्याला बट्टा. गाणं कोठीवरचं, बैठकीचं, दौलतजादा करणाऱ्यांचं. कलावंतिणीने गायचं आणि घरंदाज बाईने चिकाआडून ऐकायचं, अशी वाटणी ठरलेली. गाणारीला मान नाही आणि मानाच्या बाईला गाणं नाही. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि मराठी समाजाला गाणाऱ्या बाईकडे आदराने बघायला शिकवलं, तेही पुढच्या दशकात. हिराबाई त्या कोंडीतून सुरांच्या बळावर बाहेर पडल्या, अतिया लेखणीच्या आणि वक्तृत्वाच्या बळावर. दोघींनी एकाच भिंतीला दोन बाजूंनी भोकं पाडली.

अलीगढचं भाषण आणि संगीताचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. मला त्या एकच वाटतात. बाईचा आवाज चार भिंतींबाहेर जाऊ नये, हाच दोन्हीकडचा नियम होता. सुरात असो की शब्दात, आवाज आवाजच. अतियांनी तो नियम दोन्हीकडे मोडला.

* * *

लग्नातही त्यांनी तेच केलं. १९१२ साली त्यांनी सॅम्युअल रहामिन या चित्रकाराशी लग्न केलं. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे जुने रहिवासी. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. किहीमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं रायगडच्या गावांवरून आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाने बायबलातल्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या. मोशेची कथा, आपल्या कीर्तनाच्या बाजात, मराठीत. या किनाऱ्यावर संगीताने धर्माच्या नावाचा दाखला कधी मागितला नाही.

रहामिन यांनी लग्नाच्या वेळी इस्लाम स्वीकारला. पण त्याहून बोलकी गोष्ट पुढची. दोघांनी एकमेकांची आडनावं घेतली. दोघेही फैजी-रहामिन झाले. आजही लग्नानंतर बायकोने आडनाव बदललं नाही तर बँकेपासून रेशनच्या दुकानापर्यंत प्रश्न विचारले जातात. १९१२ साली एका नवऱ्याने बायकोचं नाव आपल्या नावाला जोडलं. रहामिन यांनी रागिणींची चित्रं काढली. त्यांची तोडी रागिणी लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. बायको रागावर लिहायची, नवरा राग रंगवायचा.

आणि आपण या बाईंना कसं लक्षात ठेवलं? जिथे ठेवलं तिथे पुरुषांच्या पत्रांमुळे. कवी इक्बाल लंडनमध्ये त्यांना १९०७ साली भेटले, पुढे त्यांची पत्रं येत राहिली. जंजिऱ्याला या, असं निमंत्रण इक्बालांना होतं. ते आले नाहीत. विद्वान शिबली नोमानी मात्र जंजिऱ्याला येऊन राहिले, त्यांचीही पत्रं छापली गेली. उर्दू साहित्यात अतियांवर भरपूर लिहिलं गेलं, आणि त्यातल्या बऱ्याच लिखाणाचा विषय एकच: या दोन थोर पुरुषांना त्यांच्याबद्दल काय वाटत होतं. त्या स्वतः काय म्हणत होत्या, ते विचारायची गरज फार थोड्यांना वाटली. १९४७ साली इक्बालांची पत्रं त्यांनी स्वतःच पुस्तकात छापली. माझ्या आयुष्यातला हा भाग मीच सांगीन, इतरांनी त्याच्या गोष्टी करू नयेत, हाही बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे.

* * *

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बेगमेची बहीण, बड्या घरची लेक, लंडनला शिकलेली. तिला बोलायला काय जातंय? जंजिऱ्याच्या वाड्यातून समुद्र दिसायचा, तसा कुळाचा चिखलात रुतलेला पाय दिसायचा का? त्या संस्थानातल्या साध्या रयतेला कारभारावर बोलायला जागा नव्हती. ती जागा लोकांना मिळवावी लागली. १९४८च्या जानेवारीत नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांचे साथी म्हसळ्यात शिरले, तिरंगा लावला आणि संस्थानाच्या विलीनीकरणाला चालना दिली, तेव्हा नवाबी संपली. त्याआधी १९२७ साली याच जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या बरोबर खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षं चालवला. या माणसांपाशी वाडा नव्हता, आणि ते बोलले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काठ्या पडल्या, घरातली चूल थंड झाली.

म्हणून अतियांचं कौतुक करताना हे विसरू नये: बोलण्याचा हक्क ज्याला त्याची सर्वात जास्त किंमत मोजावी लागते त्याच्यासाठी आधी असतो. बड्या घरच्या बाईला तो मिळाला ही सुरुवात. कोळणीला, कातकऱ्याला, जखडीच्या शाहिराला मिळतो का, ही परीक्षा.

आणि या किनाऱ्याच्या साध्या माणसांकडे तो हक्क गाण्यातून फार जुना आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नातली धवलारीण बघा. धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी ही बाई. पोथी नाही, पदवी नाही, सगळं तोंडपाठ. शेकडो ओळी तिच्या गळ्यात असतात आणि मांडवात तिच्या शब्दाला मान असतो. जे शास्त्राने बायकांना नाकारलं, ते या किनाऱ्याने गाणाऱ्या बाईच्या हाती दिलं.

जखडी बघा. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, महाड या पट्ट्यात गणपतीत घुंगरं बांधून पोरं फेर धरतात आणि शाहीर गातो. शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एक म्हणतो प्रकृती मोठी, दुसरा म्हणतो पुरुष मोठा. सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, समोरच्याची चूक भर मांडवात काढायची, टोमणा मारायचा, टोमणा खायचा. मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये चाकरमानी तिकीट काढून हे सामने बघायचे. समोरच्या शाहिराने आपल्या बाजूला नावं ठेवली म्हणून कुणी पोलीस ठाण्यात जात नाही. तो उठतो आणि त्याहून तिखट गाणं रचतो. गाण्याला गाण्याने उत्तर. हा आपल्या गावचा कायदा आहे, आणि तो दिल्लीच्या कितीतरी कायद्यांहून शहाणा आहे.

* * *

आता आजच्या वागण्याकडे वळू.

गायकाने राजकारणावर मत मांडलं की एक वाक्य हमखास येतं: तुमचं काम गायचं, तेवढं करा. हे वाक्य म्हणणाऱ्याला मी एक प्रश्न विचारतो. वाढदिवसाच्या बॅनरखाली, नेत्याच्या नावाने रचलेलं गाणं मोठ्या आवाजात वाजतं, तेव्हा हे वाक्य कुठे असतं? ‘दादां’वर, ‘भाईं’वर, ‘साहेबां’वर गाणी निघतात, त्यांना बक्षिसं मिळतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की कलाकाराने राजकारणापासून लांब राहावं. स्तुतीचं राजकारण चालतं. प्रश्नाचं चालत नाही. मग लांब राहायचा उपदेश राजकारणापासूनचा नाही. तो प्रश्नांपासून लांब राहायचा उपदेश आहे.

हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती घराच्या काचा हलवतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम कागदावर राहतो, आणि म्हातारी माणसं कान झाकून बसतात. तो गोंगाट आपण सहन करतो. पण त्याच ध्वनिक्षेपकावरून एखाद्याने खारफुटीवरच्या भरावाबद्दल, गेलेल्या जमिनींबद्दल, बंदरामुळे उठलेल्या मासेमारीबद्दल दोन कडवी म्हटली की आयोजकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पुढच्या वर्षी त्याला बोलावणं येत नाही. आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये मोजायची असते. आपण ती मतांमध्ये मोजतो.

हे नवं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच कलेला लोकनाट्याचं रूप दिलं आणि कामगारांपुढे उभी केली. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारी कार्यक्रमाच्या प्रचाराला किशोरकुमार यांनी साथ दिली नाही, म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. देशभर घराघरात ऐकला जाणारा गळा एका मंत्रालयाच्या रागामुळे मुका केला गेला. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे फ्रँक झॅपा हा बंडखोर संगीतकार जाऊन बसला आणि गाण्यांच्या शब्दांवर इशाऱ्याचे शिक्के मारायला त्याने तोंडावर विरोध केला. २०१८ साली कर्नाटक संगीतातले टी. एम. कृष्णा यांची दिल्लीतली मैफल समाजमाध्यमांवरच्या गदारोळानंतर आयोजकांनी पुढे ढकलली, मग दिल्ली सरकारने त्यांना दुसरं व्यासपीठ दिलं. २०२३ साली महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या तरुण रॅपरांवर त्यांच्या गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, देशही वेगळे, पण चीड एकच: गाणारा आम्हाला न विचारता बोललाच कसा?

पक्ष बघून हा हक्क मागणाऱ्यांनाही इथेच सांगतो. आपल्या नेत्यावर टीका करणारं गाणं आलं की ज्यांच्या भावना दुखावतात आणि दुसऱ्याच्या नेत्यावर आलं की ज्यांना कलेचं स्वातंत्र्य आठवतं, ते स्वातंत्र्याच्या बाजूचे नाहीत. ते फक्त आपल्या बाजूचे आहेत.

* * *

मर्यादा नकोत, असं मी म्हणत नाही. घटनेच्या कलम १९ने भाषणस्वातंत्र्य दिलं आणि त्याच कलमाने त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही दिली. एखाद्या वस्तीवर चालून जा, अमक्याला मारा, असं गाणं म्हणणाऱ्याला मी कलाकार म्हणून सोडणार नाही. बाईच्या अब्रूवर, जातीवर चिखलफेक करणाऱ्यालाही नाही. पण मारा म्हणणं वेगळं आणि चुकलात म्हणणं वेगळं. पुढाऱ्याचा अपमान हा समाजावरचा हल्ला नाही. सत्तेला टोचणारं कडवं ही दंगल नाही.

हा फरक कसा करायचा, ते २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा नोंदला गेला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम तोलताना खंबीर मनाच्या, समंजस माणसाचं माप लावावं. ज्याला सगळीकडे धोकाच दिसतो, त्याचं नाही. बहुसंख्य लोकांना एखादं मत आवडलं नाही तरी ते मांडायचा हक्क जपला पाहिजे. आणि तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. थोडक्यात, आधी कविता नीट वाचा, मग पेन उचला. ओक साहेब ठाण्याचे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाने लिहिलेला हा निकाल रायगडच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लावला पाहिजे.

तरीही एक गोष्ट न्यायालय करू शकत नाही. गुन्हा रद्द होईल, पण रद्द झालेला कार्यक्रम परत येत नाही. मंडळाने काढून घेतलेलं आमंत्रण कुठल्याही निकालाने मिळत नाही. गावाने टाकलेल्या गाणाऱ्याला अपील नसतं. कलाकाराचं तोंड बंद करायला आजकाल कायदाही लागत नाही. सुपारी रद्द झाली की पुरतं. पोटावर मारलं की माणूस आपण होऊन गप्प बसतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे, कुणाची काही तक्रार नाही.

* * *

अतियांच्या आयुष्याचा शेवट याचाच पुरावा आहे. नाझली बेगमांना मूल नाही म्हणून नवाबाने दुसरं लग्न केलं आणि त्यांना जंजिरा सोडावा लागला. बेगमेचं पद सुद्धा बाईला सांभाळून घेत नाही, हे अतियांनी आपल्या बहिणीच्या आयुष्यात बघितलं. फाळणीनंतर तिघं, म्हणजे दोघी बहिणी आणि रहामिन, कराचीला गेले. जिनांचं बोलावणं होतं. तिथे त्यांनी घर बांधलं, चित्रं मांडली, गाण्याच्या आणि गप्पांच्या मैफली भरवल्या. १९५०च्या दशकात त्यांना त्या घरातून बाहेर काढलं गेलं. उतारवय हलाखीत गेलं. रहामिन १९६४ साली गेले, अतिया १९६७ साली. ज्या बाईने सगळ्या सभेला प्रश्न विचारला, तिच्यासाठी अखेरीला बोलायला फार कुणी उरलं नाही. मोकळ्या माणसाच्या पाठीशी समाज उभा नसेल तर त्याचं मोकळेपण त्याच्या एकट्याच्या बळावर किती दिवस टिकणार?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही आपल्या हातातल्या आहेत.

मुरूड नगरपरिषदेने समुद्राच्या रस्त्यावर एक फलक लावावा. अतिया फैजी, संगीत-लेखिका, असं त्यावर मराठीत लिहावं. नवाबाची मेहुणी किंवा इक्बालांची मैत्रीण असं लिहू नये. पुस्तकाचं वर्ष लिहावं: १९१४. किल्ला बघायला आलेल्या पोरीबाळींना कळू दे की या गावाचं नाव एका लेखणीशीही जोडलेलं आहे.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी धवलारणींचे धवले ध्वनिमुद्रित करावेत. त्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, आणि हळदीच्या मांडवात त्यांची जागा डीजेने घेतली आहे. ध्वनिमुद्रण करताना त्यांना मानधन द्यावं आणि नुसती गाणी घेऊन परत फिरू नये. लग्नाबद्दल, सासराबद्दल, पाण्याबद्दल, विकल्या गेलेल्या जमिनीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे तेही विचारावं. त्या गातात तेवढ्याच शहाण्या बोलतातही.

आणि गणेशोत्सव मंडळांनी, जत्रा कमिट्यांनी, महोत्सव भरवणाऱ्यांनी शाहिराला सुपारी देताना विषयांची यादी हातात देऊ नये. देणगीदाराचं नाव फलकावर राहू द्या, शाहिराच्या कडव्यात त्याला जागा द्यायची सक्ती नको. गाण्यातून कुणी तुमच्या आमदाराला, सरपंचाला, तुमच्या जातीच्या मोठेपणाला, अगदी तुमच्या मंडळालाही प्रश्न विचारला तर माइक बंद करू नका. राग आला तर या किनाऱ्याचा जुना रिवाज पाळा. पुढच्या रात्री तुमचा शाहीर उभा करा, आणि त्याला याहून चांगलं गाणं रचायला सांगा.